सॅमनचे डबे आणि त्लिंगिट गावं: ओढ्याची मालकी गेली कशी?

प्रश्न: आग्नेय अलास्कात 1878 साली क्लावॉक आणि सिटका इथे पहिले डबाबंदी कारखाने निघाले. तिथल्या मूळ रहिवासी त्लिंगिट लोकांत सॅमन माशांचे ओढे कुळांच्या मालकीचे होते ना? मग कारखान्यांना मासा मिळाला कसा?

प्रतिसाद १: अमेरिकी कायद्याने कुळांचा हक्क मानलाच नाही. खरा घाव घातला कारखान्यांच्या मासे पकडायच्या सापळ्यांनी. किनाऱ्यापासून समुद्रात जाळीची लांब भिंत. काठाकाठाने जाणारा मासा तिला अडला की खोल पाण्याकडे वळतो आणि अरुंद होत जाणाऱ्या कप्प्यांतून शेवटच्या पिंजऱ्यात शिरतो. माणसं मोजकीच लागतात, म्हणून गावातल्या होड्या रिकाम्या राहिल्या. 1912 मध्ये सिटकाला स्थापन झालेल्या अलास्का नेटिव्ह ब्रदरहुड या मूळ रहिवाशांच्या संघटनेने याविरुद्ध आवाज उठवला. सापळ्यांवर बंदी आली ती 1959 मध्ये, अलास्का राज्य झालं तेव्हा.

प्रतिसाद २: कारखान्यात मासे साफ करणं, डबे भरणं ही कामं बहुतेक त्लिंगिट बायकांची. तुकडे डब्याच्या उंचीचे, वर थोडं मीठ. पाणी घालत नाहीत, रस माशाचाच सुटतो. मग झाकण लावून सुमारे 115 अंश सेल्सिअसला दीडेक तास दाबाखाली शिजवायचं. काटे मऊ होतात ते यामुळेच. झाळ कुठे सुटली तर डबा फुगतो, तो फेकायचाच.

प्रतिसाद ३: धुरावर वाळवणं मात्र घरोघरी चालूच राहिलं. तिथे लाकूड आल्डरचं. पट्ट्या जाड कापल्या तर बाहेरून कडक, आतून ओल्या राहतात आणि खराब होतात.