चेस्की क्रुमलोव: आई-बाबांसोबत एक दिवस पुरेल का?

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये सांगलीहून आई-बाबा येतायत. प्रागचे तीन दिवस ठरलेत. त्यातलाच एक दिवस काढून चेस्की क्रुमलोव हे दक्षिण चेकमधलं जुनं गाव बघून रात्री परत यावं, असा विचार आहे. बाबा ७३ वर्षांचे, पण चालायला खणखणीत. आईचे गुडघे दुखतात आणि ती अंडंही खात नाही. कोणी जाऊन आलंय का? एक दिवस पुरतो का?

म्युनिकहून

---

ताई, नमस्कार.

कृपा करून एका दिवसात उरकू नका. प्रागहून बसने जवळजवळ तीन तास लागतात. जाऊन-येऊन सहा तास आईंचे गुडघे बसच्या सीटमध्ये अडकणार, आणि तुम्ही पोचाल तेव्हा सगळ्या टूरच्या गाड्याही नेमक्या तिथेच आलेल्या असतील. संध्याकाळी त्या गेल्या की गाव मोकळं होतं. आम्ही लिंझहून चार वेळा गेलो आणि दर वेळी राहिलो. सकाळी सातला पुलावर आपण, बेकरीतून पाव घेऊन जाणारी दोन-चार माणसं आणि खाली बांधावरून पडणाऱ्या व्हल्टावा नदीचा आवाज, बस्स. दोन रात्री काढा, प्रागची एक कमी झाली तरी चालेल.

नदी इथे इतकी वळणं घेते की जुनं गाव जवळजवळ बेटच झालंय. जर्मन नाव क्रुमाऊ, म्हणजे वाकड्या वळणातलं कुरण. पलीकडच्या कड्यावर किल्ला आहे, प्रागच्या खालोखाल देशातला सगळ्यात मोठा. पाच पाकळ्यांचा गुलाब जागोजागी दिसेल, ती रोझेनबर्ग घराण्याची खूण. त्यांच्यातल्या शेवटच्याने १६०२ मध्ये हे सगळं सम्राट रुडॉल्फला विकलं. पुढे एगेनबर्ग आले, मग १७१९ पासून श्वार्झेनबर्ग.

किल्ल्यात एकच टूर घ्यायची तर नाटकघराची घ्या. १७६६ चं रंगमंदिर आहे. पडदे, विंगा, रंगमंचाखालची लाकडी चाकं आणि दोर, सगळं त्या काळचं. आपण संगीत नाटकं बघत वाढलेली माणसं, त्या विंगा बघून मला भरून आलं होतं. तिकिटं आधी काढा, थोडीच माणसं आत सोडतात. सोमवारी टूर बंद असतात. अंगणांना मात्र तिकीट नाही, आणि तिथला दगडी चढ सावकाश चढत आई उंच कमानींच्या पुलापर्यंत जाऊ शकतील. गाव सगळ्यात छान तिथूनच दिसतं. मनोऱ्याला १६२ पायऱ्या आहेत, त्या बाबांसाठी ठेवा.

खोली जुन्या गावातच घ्या, पण दोन गोष्टी आधी विचारा. एक, जिना किती आणि कसा, कारण जुन्या घरांचे जिने आपल्या वाड्यांसारखेच अरुंद नि उभे. दुसरं, सामान दारापर्यंत कसं न्यायचं. आत गाड्यांना बंदी आहे आणि गोट्यांच्या फरसबंदीवर बॅगेची चाकं टिकत नाहीत. मागच्या वेळी सासूबाईंची बॅग मी खांद्यावर नेली.

स्वयंपाकघर असलेलीच खोली घ्या, हे अगदी आग्रहाने सांगतो. शाकाहारी माणसाला इथे जो तो तळलेलं चीज सुचवतो, पण त्याला अंड्यात बुडवूनच पावाचा चुरा लावतात. क्नेडलीक म्हणजे इथले उकडलेले पिठाचे गोळे, त्यातही बहुतेक वेळा अंडं असतं. सूप साधं दिसलं तरी विचारा, मांसाचं पाणी असू शकतं. ‘बेझ मासा, बेझ वायेत्स’ एवढं पाठ करा, म्हणजे मांस नको, अंडी नकोत. चेकमध्ये ‘मासो’ म्हणजे मांस, आपला मासा नव्हे. उकडलेले बटाटे, पाव, लोणी मिळतं. रात्री खोलीवर मुगाची खिचडी टाकली की आईंची काळजी मिटते.

एक सांगायचं राहिलं. ऑगस्ट २००२ च्या पुरात हे गाव बुडालं होतं. सासरे मिरजेचे, २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या घरमालकीणबाईंनी भिंतीवर हात ठेवून पाणी कुठवर आलं ते दाखवलं. भाषा कळत नव्हती, तरी सासऱ्यांनी आपला हात तिच्या हाताच्या वर वीतभर ठेवला आणि ‘आमच्याकडे इथवर’ म्हणाले. ते दोघं बराच वेळ तिथेच उभे होते.

लिंझहून

---

दादांचं सगळं पटलं, दोन गोष्टींची भर घालते.

रेल्वेने जाणार असाल तर प्रागहून चेस्के बुद्येयोवित्से आणि तिथून क्रुमलोव. स्टेशन गावाच्या वर, बरंच लांब आहे, आईंसाठी टॅक्सीच करा. आणि २१ जूनच्या आसपासचा शनिवार-रविवार टाळा. तेव्हा गुलाबाची जत्रा असते. बघण्यासारखी असते, पण खोल्या मिळत नाहीत आणि उभं राहायला जागा नसते.

दुसऱ्या दिवशी होलाशोवित्सेला जा. हिरव्या गावठाणाभोवती शेतकऱ्यांची नक्षीदार दर्शनी भिंतींची घरं, मध्ये तळं. सगळं सपाट, आईंना फिरता येईल. १५२० नंतरच्या प्लेगमध्ये गावात दोनच माणसं उरली होती, मग बाहेरून माणसं आणून गाव पुन्हा वसवलं. सोनेरी मुकुट नावाचा, १२६३ चा झ्लाता कोरुना मठही जवळच आहे.

व्हिएन्नाहून

---

दोघांचेही मनापासून आभार. प्रागची एक रात्र कमी केली, जूनच्या शेवटच्या आठवड्यात क्रुमलोवच्या दोन घेतल्या. सोमवार येत नाही हे बघितलं. खोली तळमजल्यावर आहे, गॅस नाही पण विजेची शेगडी आहे. छोटा कुकर इथूनच नेते.

बाबांना फोनवर पुराचं सांगितलं. ते म्हणाले, नदीच्या बाजूची खोली मिळते का बघ.

म्युनिकहून