मदत हवी आहे: ऑनलाइन अँथ्रोपॉलॉजी कोर्सच्या फील्डवर्कसाठी विषय, उद्या रात्रीपर्यंत

निशिगंधा_के
नमस्कार. इथे अमेरिकेत समर सेशनमध्ये कम्युनिटी कॉलेजचा कल्चरल अँथ्रोपॉलॉजीचा (सांस्कृतिक मानवशास्त्राचा) ऑनलाइन कोर्स घेतला आहे. शेवटच्या असाइनमेंटसाठी एखाद्या गटाचं निरीक्षण करून रिपोर्ट लिहायचा आहे. मी आमच्या ढोल-ताशा पथकाचा विषय दिला होता, पण प्रोफेसरांना तो पसंत नाही असं दिसतंय. प्रपोजल उद्या रात्री ११:५९ ला बंद होतं. दुसरा विषय कोणता घेऊ? वर्गच नसल्यामुळे शेजारच्या बाकावर विचारायची सोय नाही, ईमेलला उत्तर यायला वेळ लागतो. ज्यांनी असा कोर्स केलाय त्यांनी प्लीज लवकर सांगा.

टोकदार
कोणतं राज्य? निरीक्षण किती तासांचं? मुलाखत हवी की नुसतं बघायचं? एवढं कळल्याशिवाय विषय कसा सुचवणार?

व्हिसावाला_मित्र
ताई, आधी व्हिसाचं स्टेटस बघा. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असाल तर एका सत्रात ऑनलाइनचा एकच कोर्स, म्हणजे तीन क्रेडिटच, फुल-टाइममध्ये धरले जातात. बरेच जण इथे अडकतात. डीएसओला (कॉलेजातल्या व्हिसा अधिकाऱ्याला) विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

निशिगंधा_के
मी एच-४ वर, म्हणजे अवलंबित व्हिसावर आहे, शिकायला अडचण नाही. प्रश्न व्हिसाचा नाही, विषयाचा आहे.
टोकदार, कॅलिफोर्निया. दोनदा जाऊन निरीक्षण, एक छोटी मुलाखत, हाताने लिहिलेल्या नोट्सचे फोटो कॅनव्हासवर (कोर्सच्या साइटवर) अपलोड करायचे आणि १५०० शब्दांचा रिपोर्ट.

गणित_आवडतं
कल्चरल कशाला घेतला? बायोलॉजिकल अँथ्रोपॉलॉजी लॅबसकट घ्यायचा होता. कॅलिफोर्नियात चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर घेताना तो जीवशास्त्र आणि लॅब या दोन्ही अटींत बसतो, कल्चरल फक्त सोशल सायन्समध्ये. माझ्या मुलीने तेच केलं. कवट्यांचे थ्री-डी मॉडेल स्क्रीनवर फिरवून मोजमापं घ्यायची, मज्जारज्जू जिथून जातो ते छिद्र कवटीच्या तळाशी कुठे आहे त्यावरून प्राणी दोन पायांवर चालायचा की नाही ते ठरवायचं. लेकीला इतकं आवडलं! कोणता कोर्स कुठे धरला जातो ते असिस्ट डॉट ऑर्गवर कॉलेज आणि युनिव्हर्सिटी टाकून तपासा.

निशिगंधा_के
धन्यवाद, पण कोर्स संपत आलाय. आता बदलता येणार नाही.

टोकदार
मग विषय सोपा आहे. लॉन्ड्रोमॅट, म्हणजे पैसे टाकून कपडे धुवायची जागा. खरंच सांगतोय, मी तेच केलं होतं. अनोळखी जागा, कोणी ओळखत नाही, दोन तास बसा. कोण कपडे मशीनमध्ये टाकून निघून जातं, कोण शेवटपर्यंत राखण करत बसतं, कोण कोणाशी बोलतं. ए मिळाला. स्वतःच्या पथकाबद्दल तुम्ही तटस्थ राहू शकणार नाही, म्हणूनच प्रोफेसरांनी नाही म्हटलं असणार. मालिनोव्स्की हा मानवशास्त्रज्ञसुद्धा दूरच्या ट्रोब्रिअँड बेटांवर परक्या लोकांत जाऊन राहिला. परक्या माणसालाच दिसतं.

मृद्गंध
टोकदार, हे फार जुनं मत झालं. मी पुण्यात मानवशास्त्रात एम. ए. केलंय. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुरात राहिले, आपल्याच मुलखात. आणि आपल्या मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे? त्या स्वतः दिंडीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या आणि त्यावर लिहिलं. बरोबरच्या बायांवर त्यांचा जीव जडला होता, तरी एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा वेगळे स्वयंपाक करून वेगळे जेवतात हे त्यांनी लपवलं नाही. जीव जडतो म्हणून डोळे मिटत नाहीत.
निशिगंधा, त्या लेखाचं इंग्रजी रूप १९६२ मध्ये जर्नल ऑफ एशियन स्टडीजमध्ये आलं आहे. कॉलेजच्या लायब्ररीच्या लॉगिनने जेस्टोर या ऑनलाइन लेखसंग्रहात मिळेल. प्रपोजलमध्ये त्याचा संदर्भ द्याच.

जुना_वाडा
इरावतीबाईंचं नाव निघालं म्हणून लिहितो. त्यांनी बर्लिनला पीएच.डी. केली १९३० च्या सुमारास, मार्गदर्शक ऑयगेन फिशर. तो वंशश्रेष्ठत्व मानणारा. बाईंनी कवट्यांच्या मोजमापांवर काम केलं आणि गुरूला हवा असलेला निष्कर्ष दिला नाही. १९३९ पासून डेक्कन कॉलेजात. आमच्या वेळी या विषयाकडे कोणी फिरकत नसे. आता नोकऱ्या मिळतात का यात?

गणित_आवडतं
पण पुढे त्यांनी महाराष्ट्रात जातीनिहाय डोकी-नाकं मोजलीच ना? तेही सांगा.

मृद्गंध
मोजली, आणि त्यावर टीका व्हायलाच हवी. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे एका मुलीची उद्या डेडलाइन आहे.

टोकदार
श्रीनिवासांचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. ते ब्राह्मण, गावच्या प्रमुखाच्या आश्रयाने राहिले, त्यामुळे दलित वस्तीत त्यांना मोकळेपणाने मिसळता आलं नाही. त्यांनीच ते लिहिलंय. आतला माणूस फक्त आपला कोपरा बघतो.

मृद्गंध
बरोबर. आणि बाहेरचा माणूस त्याला जिथे बसवतात तो कोपरा बघतो. आपण कोणत्या कोपऱ्यात उभे आहोत हे लिहिणं, हेच तर या असाइनमेंटमध्ये शिकवायचं असतं.
निशिगंधा, एक सांगा. प्रोफेसरांनी नेमकं काय लिहिलंय? शब्द न् शब्द टाका. "पसंत नाही" हा तुमचा अर्थ आहे.

निशिगंधा_के
मराठीत लिहिते: "हा तुझाच गट आहे. तू कोण म्हणून तिथे उभी असशील? बाहेरच्याला दिसेल आणि तुला दिसणार नाही असं काय असेल? परवानगी कोणाकडून घेणार?" शेवटी "पुन्हा सबमिट कर" असं आहे. गुण दिलेले नाहीत.

मृद्गंध
हा नकार नाही हो! तीन प्रश्न आहेत, तीन उत्तरं द्या. विषय अजिबात बदलू नका.

बे_एरियातली_सई
मृद्गंध ताईंना दुजोरा. मी इथल्या एका कम्युनिटी कॉलेजात ट्यूटर आहे. "पुन्हा सबमिट कर" म्हणजे दार उघडं आहे. आमच्याकडे पहिल्याच आठवड्यात नासिरेमा ('अमेरिकन'ची अक्षरं उलटी) नावाच्या जमातीवरचा लेख वाचायला देतात, होरेस मायनर यांचा, १९५६ चा. अमेरिकन माणूस सकाळी बाथरूममध्ये जे करतो ते एखाद्या दूरच्या जमातीचे विधी असावेत तसं लिहिलंय. तुलाही तो लागला असेल. प्रोफेसर तेच मागतायत: आपलं रोजचं, पण पहिल्यांदा बघितल्यासारखं.
आता मला सांग, पथकात तू स्वतः वाजवतेस का? लहान मुलं आहेत का? सराव कुठे होतो?

निशिगंधा_के
ढोल वाजवते, याच वर्षी सुरुवात केली. सराव शाळेच्या पार्किंग लॉटमध्ये शनिवारी. मुलं भरपूर आहेत. हे सांगायची गरज वाटली नाही.

बे_एरियातली_सई
हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे गं! अठरा वर्षांखालच्या मुलांची नावं, फोटो, मुलाखत काही नको. मोठ्यांचीही नावं बदल. जायच्या आधी पथकप्रमुखांना सांग की या शनिवारी मी कोर्ससाठी नोंदी घेणार आहे, आणि त्यांचं उत्तर लेखी घे, व्हॉट्सअ‍ॅप मेसेज चालतो का ते प्रोफेसरांना विचार. अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिकल असोसिएशनच्या नीतितत्त्वांत पहिलं तत्त्व कोणाचं नुकसान करू नका हे आहे, दुसरं कामाबद्दल उघड आणि प्रामाणिक राहा. लपून नोंदी घ्यायच्या नाहीत, ओळखीच्या लोकांत तर मुळीच नाही.

टोकदार
परवानगी घेतली की लोक सावध वागतात. लॉन्ड्रोमॅटमध्ये ही भानगड नाही. सार्वजनिक जागा.

बे_एरियातली_सई
तिथेही मुलाखत घेताना संमती लागतेच.

टोकदार
ते खरं. पण मग एक करा, एका शनिवारी ढोल हातात घेऊच नका. बाजूला खुर्ची टाकून बसा. वाजवताना नोंदी होत नाहीत, हात गुंतलेले असतात.

मृद्गंध
हा सल्ला मात्र पटला. एकदा बाजूला बसून, एकदा वाजवून. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की फरक आपोआप दिसेल.
प्रश्न लहान ठेवा. "पथक आणि मराठी अस्मिता" नको, त्याने १५०० शब्दांत हाती काही लागत नाही. मी असते तर असं काहीतरी बघितलं असतं: ढोल ताणायला पुढे कोण होतं? दोर आवळायला ताकद लागते, पण नव्या माणसाला तो शिकवतं कोण, की त्याच्या हातातून काढूनच घेतात? ताशाची तर्री सुरू झाली की ढोलवाले कोणाकडे बघतात? चुकलेल्याला कोणत्या भाषेत सांगतात, मोठ्याला मराठीत आणि मुलांना इंग्रजीत? वीस वर्षांपूर्वी आलेली माणसं आणि तुमच्यासारखी नवी, टिपरू (ढोल वाजवायची काठी) खाली ठेवल्यावर एकाच घोळक्यात उभी राहतात का?
वहीच्या डाव्या पानावर फक्त डोळ्यांना दिसलं, कानांना ऐकू आलं तेवढंच. "सगळे खूश होते" असं डाव्या पानावर लिहायचं नाही. कोण हसलं, कोणी कोणाच्या पाठीवर थाप मारली, ते लिहा. अर्थ उजव्या पानावर. आणि त्याच रात्री सविस्तर लिहून काढा, सकाळपर्यंत निम्मं उडतं.

जुना_वाडा
नोटांच्या प्रती काढून वेगवेगळ्या जागी ठेवा. श्रीनिवासांच्या रामपुराच्या नोंदींच्या तिन्ही प्रती १९७० मध्ये स्टॅनफर्डला जाळपोळीत जळाल्या. तुमच्याच राज्यात ते. मग त्यांनी बरंचसं आठवणीतून पुस्तक लिहिलं, ते १९७६ ला आलं.

पैसे_वाचवा
मधेच विचारतो, फी किती पडली? बायकोला घ्यायचाय कोर्स. आणि पुस्तक विकत घ्यावं लागतं का?

बे_एरियातली_सई
कॅलिफोर्नियाचे रहिवासी ठरलात तर युनिटला ४६ डॉलर, इतरांना बरंच जास्त. कल्चरलसाठी 'पर्स्पेक्टिव्ह्ज' आणि बायोलॉजिकलसाठी 'एक्स्प्लोरेशन्स' ही पुस्तकं ऑनलाइन पूर्ण मोफत आहेत, कम्युनिटी कॉलेजच्या मानवशास्त्र शिक्षकांच्या संघटनेनेच काढलेली. अर्थात प्रोफेसर कोणतं लावतात त्यावर आहे.

निशिगंधा_के
पुन्हा लिहिलं, बघा आणि लगेच सांगा, मग सबमिट करते:
"मी या पथकात यंदाच आलेली, ढोल वाजवणारी, एच-४ व्हिसावरची बाई म्हणून उभी असेन. जुन्या सभासदांचे आपसातले संबंध मला माहीत नाहीत. आणि मराठी असल्यामुळे जे मला सहज वाटतं ते माझ्या नजरेतून सुटेल, म्हणून पहिल्या भेटीत मी न वाजवता बसेन. माझा प्रश्न एवढाच: नवीन माणसाला ढोल ताणायला आणि वाजवायला कोण, कसं शिकवतं? पथकप्रमुखांची लेखी परवानगी सोबत जोडली आहे. मुलांबद्दल काहीही नोंदवणार नाही."

मृद्गंध
उत्तम. मुलाखत कोणाची घेणार तेवढं एका वाक्यात घाला. तुमच्यानंतर आलेलं कोणी असेल तर ते घ्या, प्रमुखांना नको.

टोकदार
चांगलं झालंय. कर्वेंच्या लेखाचा संदर्भ राहिला.

निशिगंधा_के
दोन्ही घातलं आणि सबमिट केलं. सगळ्यांचे मनापासून आभार. आता एक अडलंय: नोट्स मी मराठीत लिहिणार, कारण सरावात कानावर तेच पडतं. फोटो अपलोड करताना प्रत्येक पानाचं इंग्रजी भाषांतर द्यावं लागतं का? कोणी केलंय का असं?