सीपीआर नको म्हणजे उपचार बंद नव्हे

'सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून ते पुन्हा सुरू करायचा प्रयत्न) नको' लिहून दिलं की ऑक्सिजन, सलाईनही काढतात का, असं ठाण्याच्या एका काकांनी विचारलंय. नाही हो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2020 च्या सूचनांप्रमाणे हा निर्णय फक्त सीपीआरपुरता असतो. अँटिबायोटिक, वेदनाशामकं, बाकीचं सगळं चालू राहतं.

सिनेमात दोन दाबांत माणूस उठून बसतो, तिथूनच गैरसमज होतो. प्रत्यक्षात मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5-6 सेंटिमीटर खोल छाती दाबावी लागते. हाडं ठिसूळ झालेल्या आजींच्या बरगड्या त्यात हाताखाली मोडतात. धडधाकट माणसाचं हृदय अचानक थांबलं तर हे जरूर करावं. शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सरमध्ये हाती फारसं काही लागत नाही.

लिव्हिंग विल, म्हणजे पुढे स्वतः सांगता येईनासं झालं तर कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवणं, सर्वोच्च न्यायालयाच्या 2023 च्या आदेशाने सोपं झालंय: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांपैकी एक, बस्स. त्यात तुमच्या वतीने निर्णय घेणारी एकाहून जास्त माणसं नेमा. मूळ कागद घोडबंदरच्या फ्लॅटमधल्या कुलूपबंद कपाटात आणि पेशंट वाशीच्या आयसीयूत, अशी गत नको. प्रत महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे आणि फॅमिली डॉक्टरकडे द्या. व्हेंटिलेटर काढायचा असेल तर मात्र रुग्णालयाने नेमलेली डॉक्टरांची दोन मंडळं लागतात. प्रत्येक मंडळाने शक्यतो 48 तासांत मत द्यायचं असतं.