अमूर्त अ‍ॅनिमेशनपटात प्रतिनिधित्व तपासायचं कसं?

फ्रेमवेडा
लघुपट निवडीसाठी १० प्रश्नांचा तक्ता आहे, प्रत्येकी २ गुण. पात्रं किती, त्यात बायका किती, संवाद कुणाच्या तोंडी वगैरे. अमूर्त फिल्ममध्ये नुसत्या रेषा, ठिपके आणि रंग; ६ प्रश्न लागूच होत नाहीत. तिथे शून्य द्यायचं, की या फिल्मना हा तक्ताच लावायचा नाही?

रेघोटी
शून्य नको. 'लागू नाही' असा वेगळा रकाना ठेवा आणि ते गुण एकूणातूनही वजा करा: २० ऐवजी ८ पैकी. मात्र मग टक्केवारीवर क्रम लावू नका. ८ पैकी एक प्रश्न हुकला की २५ टक्के जातात. कथापटात तेवढ्याच चुकीला १० टक्के.

तक्ता सोडूही नका, कारण आकार तटस्थ नसतात. हायडर आणि झिमेल या मानसशास्त्रज्ञांनी १९४४ च्या प्रयोगात दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ हलताना ३४ जणांना दाखवलं. एकाचा अपवाद सोडला तर सगळ्यांनी त्यात सजीवांच्या हालचाली पाहिल्या.

तिघांनी फिल्म तीनदा बघावी: आधी आवाज बंद करून, मग पडदा झाकून नुसता आवाज, शेवटी दोन्ही. चर्चेआधी प्रत्येकाने आपापलं लिहून ठेवायचं. 'नाजूक', 'दांडगट' असले शब्द दुसऱ्या फेरीपासूनच उगवले, तर साचा चित्रात नसून संगीतात किंवा निवेदनात आहे.

ठिपक्यांची_रांगोळी
मराठीत नोंदी करणार असाल तर एक खोच आहे. तो त्रिकोण, ती रेषा, ते वर्तुळ: व्याकरणाचं लिंग आपोआप नोंदीत घुसतं. 'रेषा लाजली' लिहिलं म्हणजे बघणाऱ्याला ती बाई वाटली असं नाही. म्हणून तो-ती मोजू नका. आकाराचं नाव न लिहिता त्याचं चित्र काढा आणि पुढे क्रियापद 'णं' लावून लिहा: ढकलणं, लपणं, मागे लागणं. मग कुठल्या आकाराच्या वाट्याला काय आलं ते बघा.

श्रेयनामावली
पडद्याइतकंच पडद्यामागेही बघा. 'दिग्दर्शक' या रकान्यात एकच नाव मावत असेल तर तक्ताच चुकीचा. 'बिगॉन डल केअर' (१९४९) ही अमूर्त फिल्म म्हटली की नॉर्मन मॅक्लॅरन आठवतो. सहदिग्दर्शक एव्हलिन लॅम्बार्ट आणि संगीत देणारा ऑस्कर पीटरसन गळतात. दिग्दर्शन, रेखाटन-रंगकाम, संगीत आणि आकृतिबंधाचा उगम असे चार रकाने करा.

चौथा रकाना सगळ्यात जास्त रिकामा राहतो. कुणी वारली लग्नचौकातली (लग्नात घराच्या भिंतीवर काढतात त्या चित्रातली) नक्षी हलती केली, तर 'वारली शैलीवरून' एवढ्यावर भागवू नका. चौक परंपरेने सवाशिणी काढतात. तेव्हा मूळ रेखाटन कुणाचं, नाव दिलंय का, मानधन दिलंय का, हे विचारा.

फ्रेमवेडा
हे पटलं. पण ४ मिनिटांच्या एका फिल्मकडून एवढं सगळं मागायचं?

रेघोटी
नाही. वर ८ पैकी म्हटलं, पण खरं तर एकट्या अमूर्त फिल्मला प्रतिनिधित्वाचे गुणच देऊ नका, शेरा लिहा. प्रतिनिधित्व अख्ख्या कार्यक्रमाचं मोजा: ६० मिनिटांत कुणाच्या फिल्मना किती मिनिटं मिळाली? फिल्म मोजल्या तर फसाल. १ मिनिटाची फिल्म आणि १५ मिनिटांची फिल्म सारखीच धरली जाते.