आखेन (जर्मनी) : ऑक्टोबरपासून मास्टर्स, राहायची सोय अजून नाही. मदत हवी आहे

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

आखेनच्या आरडब्ल्यूटीएचमध्ये (तिथलं तंत्रज्ञान विद्यापीठ) मास्टर्सला प्रवेश मिळालाय. व्हिसा हातात आहे, ब्लॉक्ड अकाउंटचे (व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवायचं खातं, त्यातून दरमहा ठरावीक रक्कम मिळते) ११,९०४ युरो बाबांनी एफडी मोडून भरले, सप्टेंबरअखेरचं तिकीटही काढलंय. घोडं अडलंय ते राहण्यापाशी. विद्यार्थी वसतिगृहाच्या प्रतीक्षायादीत नाव आहे, पण या सेमिस्टरला नंबर लागेल असं दिसत नाही. वेगेंना (विद्यार्थ्यांनी मिळून घेतलेले फ्लॅट) मेसेज पाठवून बोटं झिजली. जे उत्तर देतात ते व्हिडिओ कॉलवर बोलावतात आणि छंद काय, रविवारी एकत्र जेवण करायला आवडेल का, उशिरापर्यंत पाहुणे आलेले चालतील का, असं विचारतात. कांदेपोह्यांचा कार्यक्रमच. पसंती मात्र कुणी कळवत नाही.

सध्या तीन पर्याय आहेत.

पोन्टटोरजवळ दोन मराठी मुलींचा फ्लॅट आहे. त्यातल्या एकीच्या खोलीत मी राहायचं, सगळं धरून २८० युरो. आई एकदम खूश, "आपल्या मुली आहेत, वरणभात तरी मिळेल." पण त्यांनी आधीच सांगितलंय की आन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, तिथे करता येणार नाही. घरमालकाला तिसरी मुलगी माहीत नाही.

दुसरा पर्याय फाल्सचा. हे गाव हद्दीपलीकडे नेदरलँड्समध्ये आहे, पण आखेनची सिटी बस तिथे जाते. स्वतंत्र खोली, ४३० युरो.

तिसरा हेर्त्सोगेनराथला एका आजींच्या घरातली सामानासकट खोली. वार्ममिटे ३९० (पाणी, हीटिंग धरून). ट्रेनने आखेन वेस्ट स्टेशन, तिथून कॉलेज जवळ. नोंदणी करून देणार. पण आजींना इंग्रजी येत नाही, माझं जर्मन ए२ म्हणजे जेमतेम. त्यांची अट अशी की रात्री आठनंतर स्वयंपाकघर बंद आणि "तीव्र वासाचं" काही शिजवायचं नाही. शिवाय हिवाळ्यात तिकडे पाचच्या आत अंधार, संध्याकाळी एकटीने ट्रेनने जायचं म्हणून घरचे नाही म्हणतायत.

मला स्वतःला पहिला पर्याय बरा वाटतोय. नोंदणी महिना-दोन महिन्यांनी दुसरीकडे केली तर चालेल का? तिथे राहिलेल्यांनी कृपया सांगा. आगाऊ धन्यवाद.

बाराबंदी

चालणार नाही. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असा कायदाच आहे, आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. दंड वगैरे राहू दे बाजूला. खरी पंचाईत पुढे आहे. त्या नोंदणीवर टॅक्स आयडी पोस्टाने येतो, तो नसेल तर विद्यार्थी नोकरीचा पगार नीट निघत नाही. बऱ्याच बँका खातं उघडताना तोच कागद मागतात, आणि चालू खातं नसेल तर ब्लॉक्ड अकाउंटमधले दरमहा ९९२ युरो येणार कुठे? व्हिसा संपायच्या आत रेसिडेन्स परमिट काढायचं, त्यालाही पत्ता हवाच.

त्या मुली म्हणतही असतील की आम्हाला कधी काही त्रास झाला नाही. होणार कसा, त्यांची नोंदणी झालेली आहे! शिवाय मालकाला न सांगता तिसरीला ठेवलं हे त्याला कळलं, तर त्यांच्याच कराराला धोका. वरणभाताला रविवारी जा.

तिरफळ

फाल्सचं नाव डोक्यातून काढून टाक. युरोपियन मुलं तिथे खुशाल राहतात, त्यांना परवानगी लागत नाही. आपल्याला लागते. जर्मन परमिटवर नेदरलँड्समध्ये फिरायला जाता येतं, बिऱ्हाड करता येत नाही. सुपरमार्केटला मात्र जरूर जा.

हायवेवरचा धाबा

हेर्त्सोगेनराथच घे. मी त्या लाइनवर राहत होतो. सकाळी ट्रेनमध्ये निम्मे विद्यार्थीच असतात आणि सेमिस्टर तिकिटात (विद्यार्थ्यांचा प्रवासाचा पास) हा प्रवास येतो. परवान्याचं परदेशी नागरिक कार्यालयही संपूर्ण आखेन परिसराला एकच आहे, त्यामुळे पुढे आखेनमध्ये खोली मिळाली तरी फाइल दुसऱ्या ऑफिसात हलत नाही. अंधाराचं म्हणशील तर आखेनमध्येही सूर्य तेव्हाच मावळतो, घरच्यांना सांग :-) स्टेशनपासून घर किती लांब आहे तेवढं विचारून घे.

तिरफळ

स्वयंपाकाचं मी सांगते, कारण माझीही घरमालकीण अशीच होती. "तीव्र वास" म्हणजे त्यांच्या डोक्यात बहुतेक वेळा तळण आणि परतलेला कांदा-लसूण असतो. आधीच स्पष्ट विचार. आमटी-भात, खिचडी, उसळ याला माझ्या आजींची कधी ना नव्हती. अडचण फोडणीची. तिथल्या शेगडीवरचा पंखा पुष्कळदा धूर बाहेर न टाकता जाळीतून गाळून परत खोलीतच सोडतो. तेल जरा जास्त तापलं, मिरची पडली, की पॅसेजमधला स्मोक अलार्म किंचाळायला लागतो आणि आजी टॉवेल घेऊन त्याच्याखाली वारा घालत उभ्या. म्हणून खिडकी सताड उघडायची, पॅसेजचं दार लावायचं आणि आठवड्याची फोडणी एकदाच करून बाटलीत भरून ठेवायची. कुकर नेणार असशील तर पहिली शिट्टी त्यांना समोर बसवून ऐकव.

आणि तू सांगलीकडची दिसतेस, म्हणजे घरची हळद येणारच. पांढऱ्या ओट्यावर ओली हळद पडली की तासाभरात पिवळं बेट तयार, ते घासून जात नाही. डिपॉझिटमधून कापलेले पैसे बघून रडू येतं. खाली कटिंग बोर्ड ठेव. राहायला जाशील त्या दिवशी ओटा, गादी, भिंती सगळ्याचे फोटो काढ आणि दोघींच्या सहीचा हँडओव्हरचा कागद कर.

बाराबंदी

डिपॉझिटवरून आठवलं. काल्टमिटेच्या (हीटिंग वगैरे वगळून जे भाडं असतं त्याच्या) तिप्पटीपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि तेही तीन समान हप्त्यांत द्यायचा तुला हक्क आहे. खोली व्हिडिओवर तरी बघितल्याशिवाय आणि करार हातात आल्याशिवाय एक युरोही पाठवू नकोस. रेडिओ-टीव्ही फीचं पत्र तुझ्या नावाने येईल, घाबरू नकोस. ती घरटी एकदाच असते. आजी भरत असतील तर त्यांचा त्या फीचा नंबर कळवायचा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. फाल्स बाद, पोन्टटोरलाही नाही कळवते. आईला बाराबंदी काकांचं उत्तर वाचून दाखवलं, ती "मग तिकडेच जा" म्हणाली, बाबा अजून स्टेशन नकाशावर बघतायत. एकच शंका उरली. आजींच्या करारात किमान एक वर्ष राहायचं असं लिहिलंय. मध्येच वसतिगृहाचा नंबर लागला तर?

हायवेवरचा धाबा

ते कलम काढायला सांग, सही करायच्या आत. मालक ज्या घरात स्वतः राहतो त्यातली सामानासकट खोली असेल, तर नेहमीची तीन महिन्यांची नोटीस लागत नाही. १५ तारखेपर्यंत नोटीस दिली की महिनाअखेरीस सोडता येते. पण एक वर्षाची अट मान्य करून सही केलीस तर अडकलीस. आजी तयार नसतील तर निदान मार्चअखेरपर्यंत खाली आण, सेमिस्टर तिथेच संपतं आणि खोल्याही रिकाम्या होतात. नोटीस मात्र कागदावर, सहीनिशी. व्हॉट्सअ‍ॅपवर "मी जाते" लिहिलेलं धरत नाहीत.