घाबरून विकणं म्हणजे मूर्खपणाच का?

कर्वेनगरकर (३१ ऑगस्ट २०२५)

आज घरी गौरी आल्या. आवराआवर झाली, आता गेले चार दिवस मनात घोळतंय ते लिहून काढतो.

२७ तारखेपासून अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं. त्या दिवशी गणेश चतुर्थी, बाजार बंद. आदल्या दिवशी सेन्सेक्स ८४९ अंकांनी पडला होता, गुरुवारी ७०५ आणि शुक्रवारी आणखी २७०. ज्या घरी आरतीला गेलो तिथे हाच विषय निघाला आणि सल्लाही सगळीकडे एकच. घाबरून विकू नका, एसआयपी (म्युच्युअल फंडातला दरमहाचा हप्ता) चालू ठेवा, एप्रिलमध्ये ज्यांनी विकलं त्यांचं काय झालं ते पाहिलंत ना!

एप्रिलमध्ये विकणाऱ्यांतला एक मी.

२ एप्रिलला ट्रम्प यांनी जगभरच्या देशांवरच्या शुल्काचा तक्ता दाखवला, आपल्यापुढे २६ टक्के. पुढच्या दोन दिवसांत अमेरिकेचा बाजार दहा टक्के कोसळला. ७ एप्रिलच्या सोमवारी आपला सेन्सेक्स उघडला तोच जवळपास चार हजार अंक खाली. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये स्कूटरवरच बसून होतो, हेल्मेट डोक्यावर, काच तेवढी वर केलेली. मुलगी घरी सीईटीचा अभ्यास करत होती. तिच्या इंजिनिअरिंगसाठी साठवलेले सहा लाख मी आदल्या ऑगस्टमध्ये एजंटच्या सांगण्यावरून मिडकॅप-स्मॉलकॅप, म्हणजे मध्यम आणि छोट्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या, फंडात एकरकमी घातले होते. अ‍ॅपवर शुक्रवारची किंमत दिसत होती, ५ लाख २१ हजार. आज किती, ते रात्रीशिवाय कळणार नव्हतं. पावणेदहाला सगळं विकायचं बटण दाबलं. दिवसअखेरच्या एनएव्हीने, म्हणजे फंडाच्या एका युनिटच्या भावाने, ५ लाख २ हजार झाले, वर्षाच्या आत काढले म्हणून त्यातून एक टक्का एक्झिट लोड गेला. हातात चार लाख सत्त्याण्णव हजार.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. जुलैमध्ये फी भरायच्या दिवशी मी हिशेब केला, न विकता थांबलो असतो तर ५ लाख ९३ हजार झाले असते.

तरी माझं म्हणणं आहे की मी मूर्खपणा केला नाही. ज्या पैशाला तारीख आहे त्याला धीर धरता येत नाही. ५ लाख २ हजारांचे ४ लाख होणार की ६, हे त्या सकाळी कुणालाही ठाऊक नव्हतं. आज जे शहाणे झालेत त्यांनाही नव्हतं.

---

एसआयपी_२०१४

दादा, तुमच्या भावना पोचल्या, पण असहमत. आणि स्पष्ट बोलतो, कारण हे वाचून उद्या दहा जण विकायला निघतील.

२ एप्रिलला सेन्सेक्स ७६,६१७ वर बंद झाला होता. १५ एप्रिलला ७६,७३४. म्हणजे तुम्ही विकल्यानंतर महावीर जयंती, शनिवार-रविवार आणि आंबेडकर जयंती वगळता बाजार उघडा होता तो फक्त चार दिवस, आणि तेवढ्यात पडझड भरून निघाली. ९ तारखेला ट्रम्प यांनी चीन सोडून बाकीच्यांना ९० दिवसांची मुदत दिली, त्या एका दिवसात अमेरिकेचा एस अँड पी निर्देशांक साडेनऊ टक्के वर. असे दिवस सांगून येत नाहीत. ते पदरात पडावेत म्हणून पडझडीचे दिवसही सोसावे लागतात.

त्याच एप्रिलमध्ये देशभरातून एसआयपीचे २६,६३२ कोटी रुपये आले, मार्चपेक्षा जास्त. म्हणजे सामान्य माणूस घाबरला नाही, उलट पाय रोवून उभा राहिला.

एक प्रश्न. पहिल्या वर्षाची फी किती होती? सहा लाख तर नसणार. मग सगळेच का काढलेत?

---

कर्वेनगरकर

फी आणि हॉस्टेल मिळून २ लाख १० हजार. प्रश्न रास्त आहे. तेवढेच काढून बाकीचे ठेवता आले असते. त्या क्षणी सुचलं नाही. उरलेले आता एफडीत आहेत.

---

जुना_सबब्रोकर

तीस वर्षं हे काम केलं, त्यातली निम्मी दादरच्या एका जिन्याखालच्या ऑफिसात. त्या सोमवारीही फोन वाजत होते, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

टीव्हीवर अंक ओरडून सांगतात आणि माणूस हादरतो. ७ एप्रिलला सेन्सेक्स २,२२७ अंक खाली बंद झाला, म्हणजे तीन टक्क्यांपेक्षा थोडं कमी. २१ जानेवारी २००८ ला १,४०८ अंकच पडला होता, पण ते सात टक्क्यांच्या वर होते. २३ मार्च २०२० ला १३ टक्के, बाजार पाऊण तास थांबवावा लागला होता. निर्देशांक मोठा झालाय, त्यामुळे आकडेही मोठेच दिसणार. माझ्या जुन्या गिऱ्हाइकांना मी सांगतो, अंक विचारू नका, टक्के विचारा.

दुसरं म्हणजे, सगळं तुमच्या माथ्यावर मारू नका. विकण्याची चूक छोटी, मूळ चूक ऑगस्ट २०२४ मधली. अकरा महिन्यांनी लागणारी फी स्मॉलकॅपमध्ये घालायला सांगणाऱ्याने कमिशन बघितलं, तुमची मुलगी बघितली नाही. त्या पैशाची जागा लिक्विड फंडात (कमी जोखमीचा, पैसे चटकन परत मिळणारा) किंवा बँकेत होती. ७ तारखेच्या सकाळी तुमच्यापुढे चांगला पर्याय उरलाच नव्हता. तो आठ महिने आधीच संपला होता.

---

खारघर_ट्रेडर

मी ४ एप्रिलला, शुक्रवारी, निफ्टीचे पुट विकून, म्हणजे निफ्टी पडणार नाही यावर पैसे लावून, घरी गेलो होतो. सोमवारसाठी स्टॉप लॉस, म्हणजे तोटा वाढायच्या आत सौदा तोडायचा आकडा, ठरवलेला. शुक्रवारचा बंद २२,९०४ आणि सोमवारी निफ्टी उघडला २१,७५८ वर. माझा आकडा मध्येच कुठेतरी राहिला, तिथे सौदा झालाच नाही. दोन वर्षांत कमावलं ते पाच मिनिटांत गेलं. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनेच सांगितलंय की २०२४-२५ मध्ये एफ अँड ओ (असेच वायद्याचे सौदे) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९१ टक्के तोट्यात होते. तुमचे निदान चार लाख सत्त्याण्णव राहिले. आम्हा लोकांचं कुणी मोजत नाही, कारण आम्ही घरी सांगत नाही.

---

सांगलीची_ताई

शेवटचं वाक्य वाचून पोटात कालवलं. खारघरवाल्या दादा, आजच घरी सांगा. माझ्या यजमानांनी २०२० मध्ये सहा महिने लपवलं होतं. पैशाचं दुःख झालंच, पण सहा महिने ते एकटे जागे राहत होते आणि मला वाटत होतं तब्येत बिघडली आहे, याचं जास्त झालं.

कर्वेनगरकर, तुम्ही विकलंत ते वहिनींना विचारून का? तुमच्या लिहिण्यात त्या कुठेच नाहीत.

---

कर्वेनगरकर

नाही विचारलं. संध्याकाळी सांगितलं. ती एवढंच म्हणाली की फीपुरते आहेत ना, मग झालं.

---

गणिताचे_मास्तर

एसआयपी_२०१४ यांच्या लिहिण्याचा रोख 'बाजार नेहमी वर येतो' असा आहे, त्यांना विनंती, हा नियम म्हणून सांगू नये. जपानचा निक्केई निर्देशांक डिसेंबर १९८९ मध्ये ३८,९१५ वर होता. ती पातळी त्याने ओलांडली फेब्रुवारी २०२४ मध्ये. चौतीस वर्षं. चाळिशीतला माणूस चौऱ्याहत्तरचा झाला. आपल्याकडे २००८ च्या जानेवारीतला २१ हजारांचा उच्चांक खऱ्या अर्थाने मागे पडायला २०१३ उजाडलं. एप्रिल २०२५ मध्ये आठ दिवसांत भरपाई झाली, पण ती एका माणसाने आपलाच निर्णय फिरवला म्हणून. त्याने फिरवला नसता तर आज हाच धागा उलट्या बाजूने लिहिला गेला असता. निकालावरून निर्णय बरोबर ठरत नसतो, हे मी मुलांना संभाव्यता शिकवताना पहिल्या तासाला सांगायचो.

---

एसआयपी_२०१४

मास्तर, जपानचं उदाहरण एकरकमी, तेही शिखरावर घालणाऱ्याचं. दरमहा घालणाऱ्याला चौतीस वर्षं थांबावं लागलं नाही, कारण त्याने मधल्या पडझडीत स्वस्तातही घेतलं. माझा आग्रह दरमहाच्या शिस्तीचा आहे. परदेशी संस्था विकून निघाल्या तरी बाजार टिकतोय तो आपल्या याच हप्त्यांमुळे. मार्च २०२५ ला देशी संस्थांचा शेअरमधला वाटा परदेशी गुंतवणूकदारांच्या पुढे गेला, आणि ते पैसे तुमच्या-आमच्या पगारातून आलेत. या माणसांच्या मनात भीती घालू नका.

---

सोलापूरकर७२

गेले दोन दिवस वाचतोय. आता लिहितो.

मी टेरी टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. आमचा निम्म्याहून जास्त माल अमेरिकेला जातो. ऑगस्टमध्ये आम्ही कसं काम केलं ते ऐका. अट अशी होती की २७ तारखेच्या आत माल जहाजावर चढला आणि १७ सप्टेंबरच्या आत तिथे उतरला, तर वाढीव २५ टक्के लागणार नाहीत. त्यामुळे पंधरा ऑगस्टची सुट्टीही घेतली नाही. दोन्ही पाळ्या पॅकिंगला. बायका रात्री अकरापर्यंत घड्या घालत होत्या, लेबल शिवत होत्या, बाहेर रिक्षा थांबवून ठेवलेल्या. शेवटचा कंटेनर २१ च्या रात्री न्हावा शेवाला निघाला तेव्हा मालकांनी नारळ फोडला. दुसऱ्या दिवसापासून पॅकिंगचं खातं रिकामं. नाताळची पुढची ऑर्डर 'होल्ड'वर. तिकडच्या खरेदीदाराची मेल आली की पाकिस्तानचं शुल्क १९ टक्के, बांगलादेशचं २०, तुम्ही दर किती उतरवता ते कळवा. तीस टक्क्यांचा फरक कुठून उतरवणार? सरकारने कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत माफ केलंय. चांगलं झालं, पण त्याने ही दरी बुजत नाही.

आता बाजाराचं. सगळे म्हणतात बाजार पडला. कुठे पडला? सेन्सेक्स ८० हजारांच्या आसपास आहे. त्यात बँका आहेत, आयटी आहे. या शुल्कातून सेवा सुटल्या, औषधं सुटली, मोबाइल सुटले. टॉवेल आणि कोळंबी मात्र सापडली. तुमच्या अ‍ॅपवर जो एक टक्का लाल दिसतो, तो आमच्याकडे रात्रपाळीच्या चाळीस बायका घरी बसल्या असा दिसतो.

माझ्या तीन एसआयपी आहेत, एकूण साडेसहा हजारांच्या. जुलैत ओव्हरटाइम नव्हता, ५ तारखेला खात्यात पैसे कमी पडले. हप्ता परत गेला आणि बँकेने दंड कापला, वर त्याच्यावर जीएसटी. एसआयपी_२०१४ साहेब, तुमची शिस्त मला पटते. पण ती पगार चालू राहणार हे धरून सांगितलेली आहे. शुल्काने माझी नोकरी आणि माझी गुंतवणूक एकाच दिवशी धोक्यात येते. अशा माणसाने काय करावं, हे मला आजवर एकाही व्हिडिओत मिळालेलं नाही.

---

एडिसनवासी

न्यू जर्सीतून लिहितोय. मी ४ एप्रिलला माझ्या निवृत्तीच्या खात्यातला सगळा पैसा रोखीत आणला आणि ९ तारखेची ती उसळी हुकली. मला पैसे लागणार आहेत २०४१ मध्ये. म्हणजे मला घाबरायचं काही कारणच नव्हतं आणि मी घाबरलो, तर कर्वेनगरकरांना कारण होतं. सोलापूरकर, तुमचेच टॉवेल कदाचित माझ्या घरी असतील. मनापासून वाईट वाटलं.

---

एसआयपी_२०१४ (१ सप्टेंबर, संध्याकाळ)

आज सेन्सेक्स ५५५ ने वर गेलाय. एरवी मी हे 'बघा, सांगत होतो' म्हणून लिहिलं असतं. सोलापूरकरांचं वाचल्यावर तसं लिहिता येत नाही.

तरी माझं म्हणणं सोडत नाही. विकू नका. युनिट्स आहेत तशी राहू द्या. हप्ता मात्र थांबवा, लाज वाटू देऊ नका. थांबवायला दंड नाही, परत गेला तर आहे. आधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढा. मी हे आधीच लिहायला हवं होतं. मी सरकारी नोकरीत आहे, पगार चुकत नाही, त्यामुळे सल्ला देताना हा भाग माझ्या डोक्यातच आला नाही.

---

जुना_सबब्रोकर

याच्याशी शंभर टक्के सहमत. सोलापूरकर, अजून एक, कंपनीचा विमा असेल तर कामाची पाळी बंद झाल्यावर तो चालू राहतो का ते आधी विचारून घ्या. घरात आजारपण आलं की युनिट्स सगळ्यात आधी आणि सगळ्यात वाईट भावाला विकली जातात.

---

गणिताचे_मास्तर

एसआयपी_२०१४, जपानवरचा वाद अजून बाकी आहे. दरमहा घालणाऱ्याचा हिशेब मांडून दाखवा, मी तपासतो.

---

सोलापूरकर७२ (२ सप्टेंबर)

आज गौरी-विसर्जन करून आलो. साडेसहापैकी साडेपाच हजारांचे दोन हप्ते अ‍ॅपवरून बंद करायला घातले. या ५ तारखेला कदाचित जातील, ऑक्टोबरपासून नाहीत. मुलाच्या नावाचा हजाराचा ठेवलाय, तो माझ्याच्याने बंद होईना. विम्याचं विचारलं, ऑफिसातले म्हणाले डिसेंबरपर्यंत भरलेला आहे.

कर्वेनगरकर, मुलगी कुठल्या शाखेला गेली? माझा मुलगा पुढच्या वर्षी बारावीला आहे, टेक्सटाइल घेतो म्हणतोय.