अनुभव धागा: आपल्या भागातल्या सरकारी विद्यापीठात बायोलॉजी शिकताना

बायोटेक, मायक्रो असलं काही न घेता ज्यांनी सरळ 'जनरल बायोलॉजी' घेतलं, तेही नावाजलेल्या संस्थेत नाही तर आपल्याच भागातल्या सरकारी विद्यापीठात, त्यांच्यासाठी हा धागा. पेशीपासून जंगलापर्यंत सगळं एकदा हाताखालून जाणं ही या पदवीची खरी कमाई, असं माझं ठाम मत आहे. ती कशी होते, कुठे अडते, ते लिहा. नुसतं 'छान होतं' नको. काय केलंत, काय पाहिलंत ते सांगा. सुरुवात मीच करते.

पेशीविभाजनाचं प्रॅक्टिकल. कांद्याच्या मुळांची टोकं आधीच कापून ॲसिटिक ॲसिड आणि अल्कोहोलमध्ये ठेवलेली. ती गरम केलेल्या सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये मऊ करायची, ॲसिटोकार्मिन हा गुणसूत्रं रंगवणारा रंग घालायचा, कव्हरस्लिपवर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने हलकेच ठोकायचं आणि मग फिल्टर पेपर ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबायचं. अंगठा जरा सरकला की पेशी गुंडाळल्याच. आमच्याकडे चौघांत एक मायक्रोस्कोप. त्यातून एक सवय लागली: जो बघतोय त्याने बाकीच्यांना बोलून सांगायचं. "सगळा इंटरफेजच आहे... थांब, डावीकडे एक मेटाफेज आहे!" पुस्तकात सगळ्या अवस्था शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. खऱ्या स्लाइडवर मेटाफेज, म्हणजे गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर रांगेत आलेली अवस्था, शोधावा लागतो, कारण पेशीचा बहुतेक वेळ विभाजनाच्या आधीच्या तयारीत, म्हणजे इंटरफेजमध्ये, जातो. १६ गुणसूत्रं मोजता येतील इतकी छान पसरलेली पेशी सापडली, तेव्हा मॅडमनी अख्ख्या बॅचला रांगेने बोलावून दाखवली.

*

घरून जाऊन-येऊन शिकता आलं म्हणून शिकले. शहरात राहून शिकायचं म्हटलं असतं तर बारावीनंतर थांबावं लागलं असतं. एवढंच सांगायचं होतं.

*

मला या विषयात आकड्यांनी धरून ठेवलं. फळमाशांच्या संकराचं प्रॅक्टिकल होतं, दुसऱ्या पिढीत ९:३:३:१ यायला हवं होतं. आमच्याकडे खुरट्या पंखांच्या माश्या अपेक्षेपेक्षा कमी निघाल्या. सर म्हणाले, "जसे आलेत तसेच जर्नलमध्ये लिहा, आणि का आले ते शोधा." काय-वर्ग (अपेक्षित आणि मिळालेल्या आकड्यांतला फरक मोजायची संख्याशास्त्रीय कसोटी) काढला, तो ७.८१ या मर्यादेच्या पुढे गेला, म्हणजे फरक योगायोगावर ढकलता येईना. मग वाचताना कळलं की अशा उत्परिवर्ती माश्या वाढीच्या काळातच जास्त मरू शकतात. गुणोत्तर गर्भात बरोबर असलं तरी मोजणीत बिघडतं. त्याच आठवड्यात सरांनी मेंडेलचे आकडे दिले: वाटाण्याच्या ७३२४ बियांपैकी ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेल्या. आणि १९३६ मध्ये फिशर या संख्याशास्त्रज्ञाने हे आकडे जरा जास्तच चांगले जुळतात अशी शंका काढली होती, तेही सांगितलं. पाठ्यपुस्तकातल्या निष्कर्षाकडेही असं तपासून बघायचं असतं, हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. आज मी संख्याशास्त्रातच काम करतो.

*

माझा अनुभव तितका गोड नाही. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढायची पद्धत, आम्ही फळ्यावर शिकलो. मशीन होतं, पण बंद. प्रत्येक सेमिस्टरला दुरुस्तीचा प्रस्ताव जायचा म्हणे. परीक्षेत तिन्ही पायऱ्यांची तापमानं अचूक लिहिली, पण हातात मायक्रोपिपेट नव्हतं. शेवटी एका मॅडमनी ओळखीच्या प्रयोगशाळेत उन्हाळी प्रोजेक्टसाठी पत्र दिलं, तिथे पहिल्यांदा डीएनएचे तुकडे वेगळे करणारं जेल चालवलं. प्रोजेक्ट मिळाला तो मॅडम मला नावाने ओळखत होत्या म्हणून, हे खरंच. पण मूलभूत यंत्र चालू ठेवणं ही कुणाची मेहेरबानी नसावी. विद्यार्थ्यांनी याबद्दल लेखी मागणी करावी, तोंडी नको.

*

मी औषध कंपनीत गुणवत्ता तपासणीत आहे, आणि ग्रॅम स्टेनिंग (जिवाणू रंगवून त्यांचे दोन गट ओळखायची पद्धत) अजून तसंच करते जसं लॅब असिस्टंट काकांनी शिकवलं होतं. क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल, सॅफ्रानिन. ते म्हणायचे, सगळा खेळ अल्कोहोलचा. जास्त वेळ धुतलं तर जांभळे दिसायला हवेत ते ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूही गुलाबी दिसतात. कल्चर जुनं असलं तरी तेच. इंटरव्ह्यूत नेमकं हेच विचारलं होतं.

*

आमच्या विद्यापीठाची श्रीमंती म्हणजे हर्बेरियम, वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचा संग्रह. कपाटं जुनाट, डांबरगोळ्यांचा वास. पण प्रत्येक शीटवर वनस्पतीसोबत तारीख, जागा, गोळा करणाऱ्याचं नाव आणि 'फुलोरा आहे' किंवा 'फळावर' अशी नोंद. वनस्पती पूर्वी कधी फुलायच्या आणि आता कधी, हे हवामानबदलाचे अभ्यासक अशाच शीटवरून ताडून बघतात. मोठ्या संस्थांकडे जगभरचे नमुने असतील. आसपासच्या दहा-वीस मैलांतला सलग इतिहास मात्र बऱ्याचदा अशा विद्यापीठातच सापडतो. क्वाड्रॅटचं, म्हणजे चौकट टाकून तिच्यातल्या वनस्पती मोजायचं, प्रॅक्टिकलही आम्ही दरवर्षी एकाच माळावर करायचो. चौकट टाकायची जागा यादृच्छिक आकड्यांवरून ठरवायची, डोळ्याला बरी दिसेल तिथे नाही. आधीच्या बॅचच्या वह्या डिपार्टमेंटमध्ये जपून ठेवलेल्या होत्या, त्यामुळे कुठलं तण वाढतंय ते सहज दिसायचं.

पहिल्या वर्षाला असाल तर हर्बेरियमची किल्ली कुणाकडे असते ते आत्ताच विचारून ठेवा. सुट्टीत नोंदी संगणकावर चढवायला माणसं हवीच असतात, आणि तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टचा विषय मला त्याच कामातून मिळाला.